कोबोलची आजी : ग्रेस हॉपर यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च महिना आला की महिला दिनाच्या फॉरवर्डमध्ये ग्रेस हॉपर यांचा एक फोटो हमखास फिरतो. नौदलाचा गणवेश, मोठा चष्मा आणि खाली ओळ: ‘जगातली पहिली प्रोग्रॅमर, बग शब्दाची जननी, कोबोलची निर्माती.’ (कोबोल म्हणजे हिशेब-व्यवहारांच्या कामासाठीची प्रोग्रॅमिंगची एक जुनी भाषा.) तिन्ही दावे थोडे थोडे सैल आहेत. गंमत अशी की बाईंनी खरोखर जे केलं ते या तिन्हींपेक्षा वजनदार आहे, फक्त ते एका ओळीत बसत नाही. म्हणून ही प्रश्नोत्तरं.

ग्रेस हॉपर म्हणजे नेमक्या कोण?

अमेरिकन गणितज्ञ, संगणकतज्ज्ञ आणि नौदल अधिकारी. जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. मृत्यू १ जानेवारी १९९२, आर्लिंग्टन, व्हर्जिनिया. माहेरचं नाव ग्रेस ब्रूस्टर मरे. माणसाने यंत्राची भाषा शिकण्याऐवजी यंत्रालाच माणसाच्या जवळची भाषा शिकवावी, हा हट्ट त्यांनी धरला आणि तो हट्ट लोकांच्या गळी उतरवायला आयुष्याची बरीच वर्षं घातली.

लहानपणी त्यांनी घरातली सगळी घड्याळं खोलली होती, हे खरं का?

हो, त्या स्वतःच सांगत. वय सातेक वर्षांचं. गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते पाहायला एक खोललं, ते काही परत जुळेना. मग ते समजून घ्यायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं, असं करत सात घड्याळांचे सुटे भाग झाल्यावर आईच्या लक्षात आलं. शिक्षा काय, तर यापुढे एकच घड्याळ खोलायचं. आपल्याकडे याच गुन्ह्याला काय मिळालं असतं, याची कल्पना वाचकांना असेलच.

वडील विम्याच्या व्यवसायात होते. त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले होते. वासर कॉलेजात पहिल्या खेपेला लॅटिनच्या परीक्षेने ग्रेसला अडवलं, पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, १९३० ला येल विद्यापीठातून एमए, १९३४ ला तिथूनच गणितात पीएचडी. मार्गदर्शक होते ओइस्टिन ओरे. दरम्यान १९३१ पासून वासरमध्ये शिकवणंही चालूच होतं.

गणिताची प्राध्यापिका नौदलात कशी गेली?

पर्ल हार्बरनंतर सगळा देश युद्धात उतरला तेव्हा त्यांनाही जायचं होतं. पणजोबा नौदलात ॲडमिरल होते, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या दलाचा विचारच नव्हता. अडचणी तीन होत्या. वय पस्तिशी ओलांडलेलं. वजन नियमापेक्षा जवळजवळ सात किलो कमी. आणि गणित शिकवणं हे युद्धकाळात ‘अत्यावश्यक’ काम मानलं गेल्यामुळे कॉलेज सोडायची मुभा नाही. या तिन्हींतून वाट काढून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलातल्या महिला विभागात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जहाजावर मात्र कोणी पाठवलं नाही. नेमणूक झाली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका यंत्राशेजारी.

ते यंत्र कोणतं?

मार्क वन. हॉवर्ड एकेन यांची कल्पना आणि आयबीएमची बांधणी. सुमारे ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन पाच टनांच्या घरात. आत फिरणारी चाकं, दांडे आणि रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच. सेकंदाला जेमतेम तीन बेरजा व्हायच्या आणि भागाकाराला पंधराएक सेकंद लागायचे. आज हे आकडे वाचून हसू येतं, पण तेव्हा हेच गणित माणसं हातयंत्रावर आठवडेच्या आठवडे करत. तोफांच्या माऱ्याचे तक्ते, जहाजांची कामं हे सगळं या यंत्रावर चाले. १९४४ मध्येच गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन एक गणित घेऊन आले, ते अणुबॉम्बच्या कामातलं होतं.

हुकूम द्यायचे ते कागदी पट्टीवर भोकं पाडून. एखादी कृती पुन्हा पुन्हा करायची असेल तर पट्टीची दोन टोकं चिकटवून कडं करायचं. प्रोग्रॅमिंगमध्ये आपण ज्याला ‘लूप’ म्हणतो, तो तिथे हातात धरता येत होता. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल हे दोन तरुण आधीपासून काम करत होते, म्हणून हॉपरबाई स्वतःला या यंत्राच्या तिसऱ्या प्रोग्रॅमर म्हणवत.

एकेन कडक माणूस. एके दिवशी त्यांनी फर्मावलं, या यंत्रावर पुस्तक लिही. बाई म्हणाल्या, मला पुस्तक लिहिता येत नाही. उत्तर मिळालं की तू आता नौदलात आहेस. विषय संपला. १९४६ मध्ये ५६१ पानांची मार्गदर्शिका छापून आली.

‘बग’ हा शब्द त्यांनीच काढला ना?

नाही. यंत्रातल्या खोडीला ‘बग’ म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची. १८७८ च्या एका पत्रात त्याने हा शब्द वापरलेला आहे.

घडलं ते असं. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डमधलं मार्क टू यंत्र अडखळू लागलं. शोधाशोध केल्यावर एफ पॅनलच्या ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकून मेलेला सापडला (दिव्याभोवती घोंघावणारा पतंग, संक्रांतीचा नव्हे). कोणीतरी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि शेजारी लिहिलं, ‘बग प्रत्यक्षात सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग.’ नीट वाचलं तर या वाक्यातच खुलासा आहे. शब्द आधीपासून रुळलेला होता, म्हणून तर विनोद झाला. किडा बाईंना सापडला नाही आणि नोंदीतलं अक्षरही त्यांचं मानलं जात नाही. पण किस्सा त्यांनी पुढची चाळीस वर्षं इतका रंगवून सांगितला की तो त्यांच्याच नावावर जमा झाला. वही पतंगासकट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेली आहे. वर्ष पुष्कळ ठिकाणी १९४५ छापलेलं दिसतं, ते चूक.

कंपायलरचा शोध त्यांचा, हे तरी बरोबर ना?

आज कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणून देणारा प्रोग्रॅम. दावा बरोबर, पण शब्दाचा अर्थ जपून घ्यायला हवा. आणि इथे मराठी वाचक फायद्यात आहे.

१९४९ मध्ये हार्वर्ड सोडून त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत ज्येष्ठ गणितज्ञ म्हणून गेल्या. तिथे युनिव्हॅक हा व्यापारी संगणक तयार होत होता. प्रोग्रॅम लिहिणारे लोक एकमेकांच्या वह्यांतून तयार तुकडे उतरवून घेत. साइन काढायचाय, याच्या वहीत आहे. वर्गमूळ, त्याच्या. तुकडा नव्या जागी बसवायचा तर त्यातला प्रत्येक पत्ता, म्हणजे यंत्राच्या स्मृतीतल्या जागेचा क्रमांक, बदलावा लागे, म्हणजे प्रत्येक ठिकाणी बेरीज. हॉपरबाईंच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या: प्रोग्रॅमरना धड उतरवता येत नाही आणि धड बेरीजही करता येत नाही. घाईच्या अक्षरात इंग्रजी ‘बी’चे १३ होत. उतरवणं आणि बेरीज ही तर यंत्राची कामं. मग ती यंत्रालाच का देऊ नयेत?

म्हणून त्यांनी तयार तुकडे टेपवर साठवले, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि ए-झीरो नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तुम्ही फक्त क्रमांकांची यादी द्यायची. ए-झीरो टेपवरून ते तुकडे उचलणार, पत्ते बदलणार, ओळीने लावणार आणि चालवायला तयार प्रोग्रॅम देणार. हे १९५१-५२ चं काम. मे १९५२ मध्ये पिट्सबर्गला त्यांनी त्यावर निबंध वाचला. त्याचं नाव ‘संगणकाचं शिक्षण’ अशा अर्थाचं होतं.

आता शब्दाकडे या. निवडक कवितांचं पुस्तक काढणाऱ्याला आपण संकलक म्हणतो. तो कविता लिहीत नाही, गोळा करून लावतो. बाईंनी ‘कंपायलर’ म्हटलं ते अगदी याच अर्थाने. आज आपण कंपायलर म्हणतो तो खरं तर अनुवादक असतो, आणि ए-झीरोचं काम आजच्या लिंकर-लोडरच्या, म्हणजे तयार तुकडे जोडून स्मृतीत बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, जास्त जवळचं होतं. पाठ्यपुस्तकांतला ‘संकलक’ हा शब्द विद्यार्थ्यांना कोरडा वाटतो, पण मूळ कल्पनेला तो इंग्रजी शब्दाइतकाच चपखल बसतो.

ए-झीरोमध्ये बास्केटबॉलचा काय संबंध?

हा माझा आवडता तपशील आहे. टेप एकदाच पुढे पळणार. प्रोग्रॅममध्ये मध्येच ‘पुढच्या अमुक भागावर उडी मार’ असं आलं आणि तो भाग अजून जागेवर बसलाच नसेल, तर उडी मारायची कुठे? बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळलेल्या. मुलींच्या तेव्हाच्या नियमांत चेंडू घेऊन पळता येत नसे, एकदाच टप्पा द्यायचा. त्यामुळे चेंडू सहकारणीकडे टाकायचा, आपण पुढे धावायचं आणि तिथे तो परत घ्यायचा. त्यांनी स्मृतीच्या शेवटी एक कोपरा राखून ठेवला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्यात टाकायची आणि खरा भाग जागेवर आला की कोपऱ्यातून तिकडे पास द्यायचा. नियमांनी मुलींना जखडून ठेवलं होतं, त्यातूनच ही युक्ती निघाली.

संगणकाला फ्रेंच आणि जर्मन शिकवण्याचा किस्सा काय आहे?

१९५० च्या दशकात बाईंचं म्हणणं होतं की हिशेब खात्यातल्या माणसांना चिन्हं नकोत, शब्द हवेत. ‘पगारातून आयकर वजा कर’ असं लिहिलं की यंत्राने ते करावं. वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं होतं, संगणकाला इंग्रजी कळत नाही.

म्हणून त्यांनी छोटा नमुना करून दाखवला. आधी इंग्रजी हुकूम. मग त्याच प्रोग्रॅममध्ये इंग्रजीच्या जागी फ्रेंच शब्द ठेवले, मग जर्मन. यंत्राने तिन्ही निमूटपणे चालवले. त्यांना दाखवायचं होतं ते एवढंच, की यंत्राच्या दृष्टीने शब्द म्हणजे नुसता बिट्सचा, शून्य आणि एकांचा, समूह आहे, तो कोणत्या भाषेतला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. परिणाम उलटा झाला. फिलाडेल्फियात बनलेल्या सज्जन अमेरिकन संगणकाला फ्रेंच आणि जर्मन कशी काय येईल, म्हणून व्यवस्थापन बिथरलं. फक्त इंग्रजीच ठेवू, असं कबूल केल्यावरच काम पुढे सरकलं. त्यातून फ्लोमॅटिक ही भाषा तयार झाली.

इथे मी नेहमी थबकते. प्रोग्रॅमिंग म्हणजे इंग्रजीच, हे आपण निसर्गनियमासारखं धरून चालतो. पण त्या नमुन्यानंतरही भाषा इंग्रजीच राहिली, कारण वरिष्ठांना ती हवी होती, यंत्राची काहीच अट नव्हती. मराठीसाठी मात्र नुसते शब्द बदलून भागलं नसतं हेही खरं. त्या तिन्ही भाषांत हुकुमात क्रियापद आधी येतं, आपलं शेवटी. ‘पगारातून आयकर वजा कर’ हे वाक्य संपेपर्यंत यंत्राला नुसतं सामान गोळा करत थांबावं लागेल, करायचं काय ते शेवटी कळणार. अशक्य मात्र त्यात काही नाही. आकडे आधी आणि क्रिया नंतर अशा क्रमाने चालणारी गणकयंत्रं आणि भाषा अस्तित्वात आहेतच.

कोबोल त्यांनी लिहिली?

एकटीने नाही, आणि समितीत बसून ओळन्‌ओळ लिहिणाऱ्यांतही त्या नव्हत्या. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा वेगळी, यंत्र बदललं की प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहा, ही तेव्हाची डोकेदुखी होती. बरोझ कंपनीतल्या मेरी हॉज यांनी सामाईक भाषेचा विषय पुढे रेटला. एप्रिल १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात छोटी बैठक आणि मे अखेरीस पेंटागॉनमध्ये मोठी बैठक झाली. संरक्षण खात्याचे चार्ल्स फिलिप्स अध्यक्षस्थानी होते. प्रत्यक्ष आराखडा एका लहान गटाने केला. त्यात जीन सॅमेट, गर्ट्रूड टियर्नी, हॉवर्ड ब्रॉमबर्ग अशी माणसं होती. हॉपरबाई वरच्या समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या.

मग आजीपण कसलं? कोबोलचा सांगाडा बराचसा फ्लोमॅटिकचा आहे, म्हणून. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम, अगदी किरकोळ फेरफार करून, युनिव्हॅक टू आणि आरसीए ५०१ या एकमेकांना परक्या यंत्रांवर चालला, तेव्हा कल्पना पटली. मधल्या काळात समिती इतकी रखडली होती की ब्रॉमबर्ग यांनी वैतागून चक्क कोबोलच्या नावाचा थडग्याचा दगड विकत घेऊन फिलिप्स यांना पाठवून दिला.

याच सुमारास कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीयांनी घडवलेला संगणक चालू झाला होता. त्याला पुढे टिफ्रॅक नाव मिळालं.

वायटूकेचा घोळ कोबोलमुळे, म्हणजे त्यांच्यामुळेच झाला ना?

वायटूके म्हणजे सन २००० चा घोळ: वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिले तर ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळेना. दोष वाटून घ्यावा लागेल. माहिती भोकं पाडून भरायच्या पंचकार्डावर ८० रकाने आणि स्मृती सोन्याच्या भावाची, म्हणून वर्षाचे दोनच अंक लिहायची सवय कोबोलच्या आधीपासूनची. पण भाषेनेही हात लावला. १९७४ च्या प्रमाणित कोबोलमध्ये यंत्राकडे तारीख मागितली की सहाच अंक मिळत, वर्षाचे त्यात दोन. १९९० च्या दशकात ही भानगड निस्तरायला जगाला कोबोल जाणणारे हात हवे होते, आणि ते मुंबई-पुण्यासकट भारतभरातून गेले. आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांतलं पहिलं परदेशी विमानाचं तिकीट या दोन अंकांमुळे निघालं आहे.

मग त्या पहिल्या कशात होत्या?

भराभर उत्तरं. पहिल्या प्रोग्रॅमर? नाही, एडा लव्हलेस यांचं काम शंभर वर्षं आधीचं, आणि मार्क वनवरही बाई तिसऱ्या. येलमधून गणितात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री? नाही, शार्लट बार्नम यांनी ती १८९५ मध्येच मिळवली होती. अमेरिकन नौदलातल्या पहिल्या स्त्री ॲडमिरल? नाही, १९७२ साली अलीन ड्यूर्क. अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक वैयक्तिकरीत्या मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री? हो, १९९१. आणि एक जोड द्यायलाच हवी. १९६९ मध्ये एका व्यावसायिक संघटनेने त्यांना वर्षातला सर्वोत्तम संगणक-‘पुरुष’ म्हणून गौरवलं, कारण पुरस्काराचं नावच तसं होतं.

संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मात्र त्यांना कधीच मिळाला नाही.

त्यांचे पती युद्धात गेले का?

नाही. व्हिन्सेंट हॉपर साहित्याचे प्राध्यापक होते. १९३० साली लग्न, १९४५ मध्ये घटस्फोट. मूलबाळ नव्हतं. आडनाव त्यांनी तेच ठेवलं.

युद्ध संपल्यावर नौदलाने वय जास्त म्हणून नियमित सेवेत घेतलं नाही. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळेना. नवी कंपनी बुडण्याच्या बेतात होती. त्या काळात बाईंचं पिणं हाताबाहेर गेलं होतं, १९४९ मध्ये फिलाडेल्फियात पोलिसांनी पकडेपर्यंत मजल गेली. मित्रांनी सावरलं. ए-झीरो त्यानंतरचं. फॉरवर्डमधल्या देवीच्या चित्रात हे बसत नाही, म्हणून ते वगळतात.

त्या एकदाच्या निवृत्त कधी झाल्या?

१९६६ च्या अखेरीस, साठाव्या वर्षी, नौदलाने निवृत्त केलं. १९६७ च्या ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, कारण नौदलाच्या कोबोलमध्ये बारा गावच्या बारा बोली झाल्या होत्या. हे सहा महिने एकोणीस वर्षं चालले. कोणत्या कंपनीचा कंपायलर खरोखर प्रमाणानुसार चालतो हे तपासण्याचे प्रोग्रॅम त्यांच्या गटाने तयार केले. काम रटाळ होतं, पण कोबोल इतकी टिकली ती त्यामुळेही.

१९८३ मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांची मुलाखत पाहून एका खासदाराने त्यांच्या बढतीसाठी ठराव मांडला. त्याच वर्षी कमोडोर, आणि १९८५ मध्ये त्या हुद्द्याचं नाव बदलल्यावर रिअर ॲडमिरल. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टनला यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर निरोप समारंभ झाला. घरी बसल्या का? लगेच डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या.

एनव्हिडियाची ‘हॉपर’ चिप त्यांच्याच नावाची?

हो. एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या एच१०० या चिपमधला ‘एच’ तोच, आणि जोडीच्या प्रोसेसरचं नाव ग्रेस. शिवाय एक युद्धनौका, येलमधलं एक कॉलेज आणि संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांचं १९९४ पासून भरणारं संमेलन यांनाही त्यांचं नाव आहे.

माझा चेकबुकचा हिशेब कधीच जुळत नाही. संगणकाची नोकरी जमेल का?

बाईंचाही जुळत नसे. एकर्ट-मॉकली कंपनीच्या बायनॅक या संगणकासाठी त्या दिवसभर अष्टमान पद्धतीत, म्हणजे आठच्या पायावर, बेरजा-वजाबाक्या करत. तीन महिने बँकेचा मेळ बसेना, तेव्हा बँकेत काम करणाऱ्या भावाला पाचारण केलं. त्याने कित्येक संध्याकाळी घालवून शोधलं, की बाई मधूनमधून चेकबुकातही अष्टमानच चालवत होत्या. माणसाचं जग दशमानात आणि यंत्राचं दुसऱ्याच कशात, तर मधलं भाषांतर यंत्राने करावं, हे त्यांना तिथे नव्याने पटलं.

त्या व्याख्यानात वाटायच्या ती तार कसली?

नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. हा आकडा कोणाला समजेना, म्हणून त्यांनी तंत्रज्ञांकडे मागणी केली, की मला एक नॅनोसेकंद कापून द्या. तेवढ्या वेळात वीज जास्तीत जास्त जितकी जाऊ शकेल तितकी तार, साधारण पावणेबारा इंच. श्रोत्यांना त्या असे तुकडे वाटत. मग मायक्रोसेकंद म्हणून ९८४ फूट तारेचं भेंडोळं दाखवत आणि म्हणत, हे प्रत्येक प्रोग्रॅमरच्या टेबलावर किंवा गळ्यात टांगायला हवं, म्हणजे वेळ उधळताना कळेल. पिकोसेकंदासाठी मिरपुडीची पुडी दाखवायच्या. उपग्रहामार्फत निरोप जायला इतका उशीर का, असं एखाद्या ॲडमिरलने विचारलं, तर तिथपर्यंत नॅनोसेकंद फार आहेत, हे त्या तारेवरच दाखवून देत.

घरी करायची असेल तर कंपासपेटीतल्या नव्हे, दप्तरातल्या मोठ्या पट्टीवर तार ठेवून कापा. ३० सेंटिमीटरची पट्टी म्हणजे जवळजवळ एक नॅनोसेकंदच. अगदी काटेकोर हवं असेल तर २९.९८.